दुकानात काम करून शिक्षण निघतं का? तास कोण ठरवतं, त्यावर आहे

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही राहून गेलं असेल तर तुला कळेल. गारगोटीजवळचं गाव. कोल्हापुरात कॉट बेसिसवर राहून बी.कॉम.चं दुसरं वर्ष, कॉलेज सकाळी साडेसात ते साडेबारा. महिन्याला साधारण ६,५०० रुपये लागतात आणि घरून ३,००० येतात, कारण उसाचं बिल सोसायटीच्या कर्जातच वळतं होतं. महाद्वार रोडवर साडीच्या दुकानात काम मिळतंय: दुपारी एक ते रात्री नऊ, आठवड्याला एक सुट्टी, पगार ८,०००. पुढे एमबीए करायची तुझी इच्छा आहे. भाऊ म्हणतो, एकदा दुकानात उभी राहिलीस की शिक्षण सुटलंच म्हणून समज. आणि तू विचारतेस, काम धरू का नको?

राजारामपुरीत माझं कपड्यांचं दुकान आहे. त्याआधी, शिकत असताना, मी दुसऱ्यांच्या काउंटरवर उभी असायची. त्यामुळे मालकाचं गणित आणि कामाला येणाऱ्या मुलीचं गणित, दोन्ही ठाऊक आहेत. माझ्याकडे शिकणाऱ्या मुली वर्षानुवर्षं येतात. काहीजणी पदवी घेऊन गेल्या, काही त्याच्याही पुढे शिकल्या, काहीजणींचं कॉलेज मध्येच सुटलं. सुटलेल्या मुली हुशारीत किंवा कष्टात कुठे कमी होत्या असं मला कधी दिसलं नाही. फरक पडला तो दिवसातले किती तास दुकानाला दिले आणि पगाराचा पैसा कशाला लावला यानं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: काम धर, पण या तासांना धरू नको.

आधी तुला जे सांगितलंय तेच बघू. एक ते नऊ म्हणजे आठ तास, आठवड्याचे सहा दिवस. तुला ‘पार्टटाइम’ म्हणून सांगितलं असेल, पण ही पूर्णवेळ नोकरी आहे. महिन्याचे २६ दिवस धरले तर २०८ तास होतात, म्हणजे तासाला साडेअडतीस रुपयेसुद्धा पुरे पडत नाहीत. दुकानांसाठी किमान वेतन सरकार ठरवतं आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. पूर्णवेळ काम करणाऱ्या अकुशल कामगाराचं वेतनही त्या तक्त्यात ८,००० च्या वर आहे. दुकानदारीणच असं सांगतेय म्हणून आमच्या गल्लीतले काहीजण नाराज होतील, होऊ देत.

आता तुझा दिवस मांड. साडेबाराला कॉलेज सुटणार, एकला दुकानात हजर, म्हणजे डबा खायचा तो गिऱ्हाईक नसेल तेव्हा. नऊला शटर अर्धं खाली येतं हे खरं, पण दिवसभर उलगडलेल्या साड्यांच्या घड्या तेव्हाच घालायच्या असतात. गल्ल्याचा हिशेब लागेपर्यंत मालक कुणाला हलू देत नाही. खोलीवर पोचायला पावणेदहा-दहा वाजतात आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला पहिलं लेक्चर. पहिला महिना हौसेत जातो. दुसऱ्या महिन्यात पोटऱ्या भरून यायला लागतात, सकाळचा गजर बंद करून पुन्हा डोळा लागतो आणि पहिलं लेक्चर बुडतं. मग त्या विषयाच्या नोट्स मैत्रिणीकडून, मग हजेरीसाठी सरांच्या विनवण्या. शिक्षण सुटतं ते असं हळूहळू. एका दिवशी ठरवून कुणी सोडत नाही.

आणि तुला कमी पडतात किती? ६,५०० वजा ३,०००, म्हणजे ३,५००. त्याच पडेल दरानं धरलं तरी ३,५०० कमवायला ९१ तास लागतात. २६ दिवसांत वाटले तर रोजचे साडेतीन तास. उरलेले साडेचार तास तू गरज नसताना देऊन टाकणार आहेस, तेही अभ्यासाचे. गरज आहे तेवढेच तास द्यायचे आणि वर थोडे परीक्षा-फॉर्मच्या खर्चासाठी, हे माझं पहिलं सूत्र.

तू म्हणशील, मालक चार तासांना घेईल कशाला? इथे तुला दुकानाची आतली गोष्ट सांगते. कापडाच्या दुकानाला दिवसभर सारखी माणसं लागत नाहीत. खेड्यावरनं बस्ता बांधायला येणारी मंडळी सकाळीच येतात. अंबाबाईचं दर्शन घेऊन दहा-बारा माणसं एकदम गादीवर बसतात आणि दुपारपर्यंत त्यांचं चालतं. दोन ते चार दुकान सुस्त असतं. तेव्हा कामावरच्या बायका जेवतात, माल रॅकला लावतात, टॅग मारतात. शहरातलं गिऱ्हाईक बाहेर पडतं पाच-साडेपाचनंतर. मग पदर उलगडून दाखवायला एक, घडी घालायला एक, ब्लाऊज पीस जुळवायला एक, बिलाला एक, असे हात कमी पडायला लागतात. साडेपाच ते साडेआठ आणि रविवारचा पूर्ण दिवस, खरी ओढाताण तेव्हा असते. दुपारी एकला तुला बोलावणं मालकाला सोयीचं वाटतं कारण त्याला एकच हजेरी मांडायची असते. पण त्याची नड संध्याकाळची आहे आणि संध्याकाळ तुझ्याकडे मोकळी आहे.

म्हणून जाऊन असं बोल: “आठवड्यातले पाच दिवस साडेचार ते साडेआठ येते, रविवारी पूर्ण दिवस येते, मधल्या एका वारी सुट्टी द्या.” हे आठवड्याचे २८ तास होतात. त्याच दरानं महिन्याला साडेचार हजारांच्या वर जातात, आणि गर्दीच्या तासांना थोडा जास्त दर मागायला अजिबात लाजू नको. तुझी तूट भरते, वर हजारभर उरतात. साडेबारा ते साडेचारमध्ये जेवण, तासभर पडणं आणि दोन तास लायब्ररी बसते. दुपारचे ते दोन तास खोलीवर जाऊन काढू नकोस. कॉट बेसिसच्या खोलीत दुपारी अभ्यास होत नाही, गप्पा होतात.

मालक नाहीच म्हणाला तर दुसरं दुकान बघ. महाद्वार रोड म्हणजे काही सगळं कोल्हापूर नाही. राजारामपुरीतली रेडिमेडची दुकानं, लक्ष्मीपुरीतले होलसेलवाले, कॉलेजांच्या आसपासची झेरॉक्स-स्टेशनरीची दुकानं, सगळीकडे संध्याकाळी माणूस लागतं. गुजरीत सराफाकडे काम मिळालं तर लक्षात ठेव, तिथे रात्री नगांची मोजणी जुळल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. त्यामुळे सुटण्याची वेळ आधी पक्की करून घे.

आता फीचं. दुकानाच्या पगारातून कॉलेजची फी भरायची असं मनात आणू नको. फी शिष्यवृत्तीतून निघायला हवी आणि पगारातून महिन्याचा चालता खर्च. ही दोन खाती मिसळली की मुली जास्त तास घ्यायला लागतात. तुझी तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित हे तू लिहिलेलं नाहीस, आणि फीचा आकडा बराचसा त्यावरच ठरतो. खुल्या प्रवर्गातली असशील आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांसाठी त्यांच्या त्यांच्या योजना आहेत. सगळे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर होतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. माझ्याकडच्या मुलींचे पैसे अडकले ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: उत्पन्नाचा दाखला जुना होता, नाहीतर बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं. दोन्ही कामं एका सुट्टीत होतात.

तुझ्या एमबीएसाठी एक गोष्ट आत्ताच माहीत असू दे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं आहे. अट अशी की मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) किंवा ओबीसी प्रवर्गातली हवी, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतलास तर हा लाभ गेला. म्हणजे तुझ्या एमबीएचे पैसे दुकानात उभं राहून साठवण्यापेक्षा सीईटीला चांगले मार्क पाडण्यात जास्त आहेत. तिसऱ्या वर्षात संध्याकाळचे तास कमी करून ते सीईटीच्या अभ्यासाला दिलेस, तर तुझ्या बाबतीत ती जास्त मोठी कमाई ठरेल.

शिष्यवृत्त्यांना हजेरीच्या अटी असतात हेही ध्यानात ठेव. दुकानासाठी लेक्चर बुडवून मिळवलेले चार पैसे शिष्यवृत्तीच्या हप्त्यात जाऊ शकतात. हा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही.

एका मुलीचं सांगते, नाव नको. पन्हाळ्याच्या बाजूची, वडील नव्हते, आई गावात शिवणकाम करायची. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला माझ्याकडे आली ती आधीच तास ठरवून: “काकी, चारच्या आत जमणार नाही आणि साडेआठनंतर थांबणार नाही.” मला तेव्हा जरा राग आला होता, कारण मला दुपारीही माणूस हवं होतं. पण ती चारला म्हणजे चारला यायची. पगार झाला की त्याच दिवशी वाटणी. आधी मेस, मग खोलीचं भाडं, मग बँकेत आरडी, आणि उरलं तर हातखर्च. आरडी तिनं जूनमध्ये सुटेल अशी लावली होती. त्यामागचं तिचं कारण मला फार आवडलं. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसे खात्यावर यायला उशीर होतो आणि कॉलेज प्रवेशाच्या वेळीच काही ना काही भरायला लावतं. तेवढं भरायला आरडी. शिष्यवृत्तीचे पैसे आले की ते पुढच्या वर्षाला. ऊसवाल्या घरांची अडचण नेमकी इथेच असते. कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाला संपतो आणि कॉलेजला पैसे लागतात जून-जुलैत, जेव्हा घरात काही उरलेलं नसतं. तुझंही तसंच असणार.

दिवाळीच्या बोनसचे तिनं कपडे घेतले नाहीत, टॅलीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशेब ठेवण्याचा, क्लास लावला. मग मीच तिला काउंटरवरनं बिलिंगला घेतली, कारण बिलिंगवाली मुलगी लग्न होऊन गेली होती आणि हिला येत होतं. पगार वाढला, पायांचे हाल थांबले. तिसऱ्या वर्षी जानेवारीपासून तिनं रविवारच ठेवला. शिवाजी विद्यापीठातून एम.कॉम. करून आता शाहूपुरीत एका कर सल्लागाराकडे नोकरी करते. तिच्या शिक्षणाचा सगळा खर्च माझ्या दुकानातून निघाला असं मी म्हणणार नाही. फी सरकारनं दिली, तांदूळ-डाळ आईनं पाठवली. दुकानानं दिला तो महिन्याचा रोख पैसा, जो दुसरीकडनं कुठनंही आला नसता आणि ज्याच्यावाचून ती दुसऱ्या वर्षातच गावी परतली असती.

दुसरी एक मुलगी तिच्याच सुमाराची, तिच्याहून चटपटीत. गिऱ्हाईक तिच्याकडनं दोन साड्यांऐवजी चार घेऊन जायचं. पण तिचा पगार घरी जायला लागला. आधी आईच्या दवाखान्याला, मग भावाच्या गाडीच्या हप्त्याला. दवाखाना खराच होता, त्याला काय म्हणणार? पण घराला त्या पैशाची सवय लागली. तिनं दुपारचेही तास मागितले, मी दिले, आणि दुसऱ्या वर्षाची परीक्षा तिनं दिलीच नाही. तुझ्या पगारातले किती पैसे घरी जाणार, हे भावाशी आणि वडिलांशी पहिला पगार हातात पडायच्या आत बोलून घे. माझ्या अनुभवात दुकानापेक्षा हे बोलणं जास्त अवघड असतं.

पैसे ठेवण्याबद्दल आणखी एक. दुकानात बायकांची भिशी असतेच, तुलाही घेतील. घ्यायला हरकत नाही, पण फीचा पैसा भिशीत घालू नको. जूनमध्ये तुझा नंबर लागेलच याची खात्री काय?

परीक्षा आणि सीझन हा या कामातला सगळ्यात मोठा तिढा. हिवाळी परीक्षा दिवाळीच्या मागेपुढे येतात आणि उन्हाळी परीक्षा नेमक्या लगीनसराईत. विद्यापीठाचं वेळापत्रक दरवर्षी थोडं सरकतं, सीझन मात्र सरकत नाही. नवरात्रात महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मालक कुणालाच सोडायच्या मनःस्थितीत नसतो. म्हणून हे बोलणं कामाला लागतानाच व्हायला हवं, आणि तेही देवाणघेवाणीच्या भाषेत. दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात, पेपर संपले की, मी पूर्ण दिवस येईन. बदल्यात परीक्षेआधीचे काही दिवस आणि परीक्षेचे सगळे दिवस बिनपगारी सुट्टी द्या, जागा मात्र माझी राहू दे. सीझनला भरवशाचं माणूस मिळणं आम्हाला किती कठीण जातं ते मलाच ठाऊक, त्यामुळे शहाणा मालक हे मान्य करतो. विद्यापीठाचं वेळापत्रक लागलं की त्याचा फोटो त्याच दिवशी मालकाला पाठव. ऐनवेळी “उद्या पेपर आहे” म्हणणाऱ्या मुलीवर आम्ही चिडतो, आणि ते चिडणं काही अगदीच चुकीचं नसतं.

मालक कसा आहे हे त्याच्याकडून कळणार नाही. त्या दुकानात शिकणारी एखादी मुलगी असेल तर तिला गाठ आणि गेल्या परीक्षेला सुट्टी मिळाली का, ते विचार. पगार कोणत्या तारखेला होतो आणि त्या तारखेलाच होतो का, हेही तिलाच विचार. खाडा झाला तर एका दिवसाचा एकच दिवस कापतात का? सीझनमधल्या खाड्याला दोन कापणारे महाभाग आहेत. माल कमी भरला किंवा डाग पडला तर मुलींच्या पगारातून वसूल करतात का? दुकानात बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, की शेजारच्या इमारतीत जावं लागतं? हा प्रश्न विचारायला मुली लाजतात आणि मग दिवसभर पाणी पीत नाहीत. गिऱ्हाईक नसताना बसायला स्टूल आहे का? केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांचा बसण्याचा हक्क कायद्यात घातला, आणि केरळात त्यासाठी दुकानात काम करणाऱ्या बायकाच भांडल्या होत्या. आपल्याकडे हे अजून बहुतेक ठिकाणी मालकाच्या समजुतीवर चालतं.

मूळ मार्कशीट किंवा कुठलंही मूळ कागदपत्र ‘डिपॉझिट’ म्हणून मागितलं तर तिथून सरळ बाहेर ये. झेरॉक्स द्यायची, मूळ फक्त दाखवायचं. पगार स्वतःच्या खात्यावर घे. रोखच देत असतील तर वहीवर सही करताना आकडा वाच आणि त्याचा फोटो ठेव. आणि उचल शक्यतो घेऊ नको. उचल फिटेपर्यंत तास कमी करा म्हणायची सोय राहत नाही, आणि काही मालक ती देतातच त्यासाठी.

रात्रीचं बोलू. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. पण छोट्या दुकानांना या कायद्यातली बरीच कलमं लागत नाहीत, म्हणून कायद्याच्या भरवशावर न राहता सुटायची वेळ तोंडी का होईना, दोन माणसांसमोर ठरवून घे. खोलीपर्यंतचा रस्ता एकदा रात्री नऊला मैत्रिणीबरोबर चालून बघ. दिवसा माणसांनी भरलेली गल्ली रात्री कशी असते ते दिवसा कळत नाही. मालक, त्याचा मुलगा, दुकानातला जुना माणूस किंवा गिऱ्हाईक, कुणाचंही वागणं खटकलं तर ते ‘सीझन संपेपर्यंत’ पोटात ठेवू नको. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दुकानालाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर दुकानातच अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. तातडीला ११२ आहेच.

भावाला काय सांगायचं? तो म्हणतो ते खोटं नाही, एक ते नऊच्या हिशेबानं बरोबरच आहे. पण काम केलं की शिक्षण बुडतं असं म्हणणारा कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस असेल तर त्याला कर्मवीरांची आठवण करून दे. भाऊराव पाटील आपल्या कुंभोजचे. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हे तिथे नुसतं भिंतीवर लिहिलेलं नव्हतं, पोरं खरंच राबून शिकली. शिवाजी विद्यापीठात आणि अनेक कॉलेजांत ‘कमवा व शिका’ योजना आजही चालते. तुझ्या कॉलेजात ती आहे का ते ऑफिसमध्ये विचार. तिथे मोबदला बेताचा असतो, पण काम कॉलेजच्या आवारात, अंधार पडायच्या आत संपतं आणि परीक्षेला सुट्टी मागावी लागत नाही. पैशाची ओढ थोडी कमी असती तर मी तुला आधी तिकडेच पाठवलं असतं. ३,५०० ची तूट एकट्या त्यातून भरेल का, ते तास किती मिळतात त्यावर आहे.

हे सगळं मी तुझं कॉलेज सकाळचं आहे म्हणून सांगतेय. हेच एखाद्या बी.एस्सी.वालीनं विचारलं असतं, जिला दुपारी प्रॅक्टिकल असतात, तर मी फक्त रविवार आणि सुट्ट्यांचं काम सुचवलं असतं. तुला रक्त कमी असण्याचा किंवा पाठीचा त्रास असेल तर साडीच्या काउंटरपेक्षा बसून करायचं काम शोध. साड्यांचे गठ्ठे वाहून पाठ धरते, आणि तुझ्या वयात धरलेली पाठ सहज सुटत नाही.

काम धरलंस तर काउंटरवर वर्षभरापेक्षा जास्त राहू नको. बी.कॉम.ची मुलगी आहेस, बिलिंगकडे सरक. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांचे जीएसटीचे दर बदलले. २,५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के, त्याच्या वर १८. तेव्हा आमच्या भागात जुन्या मालाचे टॅग आणि नवे दर यांचा मेळ घालता घालता अनेकांची तारांबळ उडाली, आणि ज्या दुकानात कॉमर्सची मुलगी होती तिथे ती दुसऱ्याच दिवशी मालकाच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. गल्ल्याजवळ काय चाललंय त्यावर लक्ष ठेव, संधी अशीच येते. आणि दुकान सोडताना मालकाच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र मागून घे. एमबीएच्या मुलाखतीला ते दाखवता येतं.

तुकडी अनुदानित आहे का आणि या वर्षीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरलास का, एवढं कळव. अर्ज राहिला असेल तर महाद्वार रोडला जायच्या आधी एसटीनं गारगोटीला जा, बायकांना तिकीट निम्मंच पडतं, आणि तहसीलमधून उत्पन्नाचा नवा दाखला काढून आण. मालकाशी बोलणं मग दोन दिवस उशिरा झालं तरी चालेल.